तांब्याची भांडी वापरताय? या चुका टाळा

ताक कळकलं, म्हणजे धातूची चव लागून बिघडलं, की लोक दह्याला नावं ठेवतात. दही बहुतेक वेळा ताजंच असतं, चूक असते कल्हई (आतला कथलाचा, म्हणजे टिनचा, पातळ थर) उडालेल्या भांड्यात ते घालून ठेवणाऱ्याची. तांबं आंबटात उतरतं, गरम असेल तर जास्त उतरतं आणि जितका वेळ पडून राहील तितकं उतरतच राहतं. आंबटपणा, उष्णता आणि वेळ या तिन्हींवर लक्ष ठेवलं तर पुढच्या निम्म्या चुका होणारच नाहीत. पण तांब्याचं माहात्म्य इतकं गायलं जातं की हे साधं रसायन कुणी बघतच नाही.

घेतानाच फसगत

तांब्या हा आकार आहे, धातू नव्हे. स्टीलचाही तांब्या असतो, पितळेचाही. दुकानातल्या पाट्यांचंही तसंच. ‘कॉपर बॉटम’ पातेल्यात अन्न लागतं ते स्टीलला. तांब्याचा पातळ थर बाहेरून फक्त तळाला. उष्णता थोडी सारखी पसरते, एवढाच त्याचा उपयोग. ‘कॉपर फिनिश’ म्हणजे नुसता रंगसुद्धा असू शकतो. ‘हॅमर्ड’ भांड्यांचंही तपासून घ्यावं. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हाताने मठारलेल्या भांड्यावर ठोके एकाशेजारी एक बसलेले असतात आणि त्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो. यंत्राने दाबलेले ठसे सगळे एकसारखे, आणि पत्रा हाताला लवतो. अशा भांड्याला मठारकामाचे पैसे देऊ नका.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ ला २२. कासं ठिसूळ असतं, हातातून पडलं तर तडकतं आणि आचेवरही तडकू शकतं, म्हणून काशाची थाळी गॅसवर ठेवू नये. जस्त, कथील आणि शिसं या तिघांत मात्र गोंधळ अजिबात चालत नाही, कारण कल्हई फक्त कथलाची असते. छपराच्या पत्र्याला आपण ‘टिनचा पत्रा’ म्हणतो, पण ते जस्त चढवलेलं लोखंड. कथलाचा त्याच्याशी संबंध नाही.

खरं तांबं ओळखायला लोक चुंबक लावतात. चुंबक चिकटला नाही म्हणजे लोखंड नाही, एवढंच कळतं. तांबं आहे हे सिद्ध होत नाही. पितळेलाही चिकटत नाही, बऱ्याच स्टेनलेस स्टीललाही नाही. उलट चांगल्या जुन्या हंड्याच्या काठाला चुंबक चिकटला म्हणून घाबरू नका. काठाला बळकटी यावी म्हणून लोखंडी तार घालून पत्रा तिच्यावर वळवलेला असतो. तपासायचं ते पोटाला.

याहून खात्रीचा उपाय स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर होतो. आधी कोरड्या भांड्याचं वजन घ्या. मग काट्यावर प्लॅस्टिकचं टब ठेवा, त्यात भांडं पूर्ण बुडेल इतकं पाणी घाला आणि काटा शून्यावर आणा. भांडं दोरीला बांधून पाण्यात सोडा. ते तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये, आत हवेचा बुडबुडाही राहता कामा नये. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके मिलिलिटर पाणी भांड्याने हटवलं. ९०० ग्रॅमचं भांडं तांब्याचं असेल तर हा आकडा १०० च्या आसपास येतो, पितळेचं असेल तर १०६ च्या आणि स्टीलचं असेल तर ११४ च्या. काठात तार असेल किंवा कडी पोकळ असेल तर आकडा थोडा हलतो. तांबं आणि पितळ यांत शंका असेल तर घासून रंग बघणं सोपं, पण स्टीलवर तांब्याचा मुलामा असेल तर तो इथे पकडला जातो.

नव्या बाटलीवर बाहेरून पारदर्शक लाखेचा थर असतो, कधी कधी आतूनही. महिनाभर वापरूनही आतला लालसर रंग जराही मंद झाला नाही तर थर आतपर्यंत आहे. मग पाणी तांब्याला लागतच नाही आणि तुम्ही पाणी ठेवताय प्लॅस्टिकसारख्या आवरणात. अशी बाटली घासत बसण्यापेक्षा परत करा. आत टॉर्च मारून सांधाही बघा. तळाशी किंवा मानेजवळ पांढरट धातूचा डाग, म्हणजे झाळण, दिलेला दिसला तर त्यात शिसं आहे का, हे विक्रेत्याला विचारा. त्याला सांगता येत नसेल तर ती बाटली पाण्यासाठी घेऊ नका, बिनसांध्याची मिळते.

पाणी: किती वेळ, कसलं

तांब्याच्या भांड्यातलं पाणी जंतूंच्या बाबतीत सुरक्षित होतं, यात तथ्य आहे. बंगळूरमधल्या संशोधकांनी २०१२ साली जुलाबाचे जंतू मुद्दाम मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं, तेव्हा ते जंतू मेले आणि पाण्यात उतरलेलं तांबं मर्यादेत राहिलं. ही १६ तासांची गोष्ट आहे, तेही खोलीच्या तापमानाला. संध्याकाळी भरून तासाभरात प्यायलेल्या पाण्यावर तो परिणाम गृहीत धरू नका. फ्रिजमध्ये ठेवलं तर काम आणखी मंदावतं.

पाण्याच्या टाकीत तांब्याचं नाणं किंवा पत्र्याचा तुकडा टाकणाऱ्यांनी साधा हिशेब करावा. एक लिटरच्या गोल तांब्यात पाण्याला आतून साधारण ५०० चौरस सेंटिमीटर तांबं लागतं. अडीच सेंटिमीटरच्या नाण्याच्या दोन्ही बाजू मिळून होतात सुमारे १० चौरस सेंटिमीटर, आणि टाकी असते पाचशे लिटरची. श्रद्धेने टाकायचं तर टाका, पाणी उकळायचं मात्र सोडू नका.

तांबं रसायनं काढत नाही. चंद्रपूर-यवतमाळकडच्या विहिरींतलं फ्लोराइड, बोअरचा क्षार किंवा शेतातून उतरलेलं नायट्रेट तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवूनही तसंच राहतं. गढूळ पाणी आधी गाळून घ्या. गाळाच्या कणांआड जंतू तांब्यापासून वाचतात.

आरओचं पाणी तांब्यात ठेवायची टूम अलीकडे निघाली आहे. क्षार काढून टाकलेलं पाणी बऱ्याचदा किंचित आम्लधर्मी असतं आणि त्यात तांबं जास्त उतरू शकतं. ठेवायचंच असेल तर रात्रभरापेक्षा जास्त नको. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात तांबं लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २ मिलिग्रॅम आहे. घरी मोजायची सोय नसते, पण तोंडाला धातूची चव आली, मळमळलं, तर पाणी ओतून द्या आणि भांडं घासा.

उकळतं पाणी तांब्यात ओतू नका, निवलेलं ओता. लिंबूपाणी, कोकम सरबत, जिऱ्याचं आंबट पाणी यांपैकी काहीही तांब्याच्या बाटलीत घालून फिरायला नेऊ नका. सकाळी लिंबू पिळायचंच असेल तर पाणी काचेच्या किंवा स्टीलच्या पेल्यात ओतल्यावर पिळा. विल्सन आजार असलेल्यांच्या शरीरातून तांबं नीट बाहेर पडत नाही. त्यांनी तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिऊच नये.

दूध आणि पंचामृत

दुधाचा अभिषेक तांब्याच्या भांड्यातून करू नये, असं जुनी मंडळी सांगतात. त्यामागचं कारण त्यांनी काहीही सांगितलेलं असो, पाळण्यासारखं आहे.

यकृताच्या एका आजाराने, ज्याला इंग्रजी वैद्यकात ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस’ म्हणत, आपल्याकडे लहान मुलं दगावत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या आनंद पंडित आणि शीला भावे या बालरोगतज्ज्ञांनी ब्रिटनच्या स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत १९८०च्या दशकात त्याचा संबंध दुधाच्या भांड्यांशी लावला. कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेल्या दुधातलं केसिन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं, आणि तेच दूध तान्ह्या बाळाला महिनोन्महिने जात होतं. घरोघरी स्टील आलं, आईच्या दुधावर भर वाढला, तसा हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. आता पितळी पातेली पुन्हा फॅशनमध्ये येत आहेत, म्हणून ही गोष्ट माहीत असायला हवी. बाळाचं दूध, पेज, पावडरचं दूध यांतलं काहीही बिनकल्हईच्या भांड्यात तापवू किंवा ठेवू नये.

पूजेचं ताम्हण, पळी, पंचपात्री यांत पाणी चालतं. पंचामृतात दही असतं, त्यामुळे ते चांदीच्या किंवा स्टीलच्या वाटीत करा. देवावर घालून ताम्हणात साठलेलं पंचामृत तासभर तिथेच राहू दिलं असेल तर तीर्थ म्हणून वाटू नका.

कल्हई: सगळ्यात जास्त चुका इथे

शिजवायच्या तांब्याच्या भांड्याला आतून कल्हई हवीच, पितळेलाही. वरण, आमटी, सार, रस्सा, टोमॅटोची कोणतीही भाजी या साऱ्यांत आंबट असतं. कल्हई म्हणजे आतून चढवलेला कथलाचा पातळ थर. तो अन्न आणि तांबं यांच्यामध्ये उभा राहतो.

आधी कल्हई कशी होते ते बघा, म्हणजे काय चुकलं हे ओळखता येईल. भांडं राख, वाळू किंवा चिंचेने घासून तेलकटपणा आणि काळा थर पूर्ण काढतात. फारच काळं असेल तर पातळ केलेल्या आम्लात बुडवून धुतात. मग भात्याच्या भट्टीवर सगळीकडून सारखं तापवतात. आत नवसागराची (अमोनियम क्लोराइडची) चिमूट टाकली की पांढरा धूर निघतो. तापल्यावर नवसागर फुटून हायड्रोजन क्लोराइड सुटतं आणि ते तांब्यावरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकतं. त्या क्षणी उघड्या पडलेल्या तांब्यावर कथलाची कांडी टेकवतात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. लगेच कापसाच्या बोळ्याने ते गोल फिरवत सगळीकडे पसरवतात आणि भांडं पाण्यात बुडवतात. कापसाचे हात आतून मंद रेघांसारखे दिसतात. ती खरी कल्हईची खूण.

कल्हईवर जागोजागी गाठी आल्या असतील तर भांडं पुरेसं तापलं नव्हतं. काही ठिकाणी धरलीच नाही, थेंब घरंगळले, तर तिथे तेल किंवा काळा थर राहिला होता. पिवळट किंवा काळपट झळ दिसली तर भट्टी जास्त झाली. या तिन्ही बाबतींत भांडं कल्हईवाल्याला लगेच परत द्या. वापरून पाहू म्हणून घरी नेलंत तर नंतर तक्रार करायला जागा राहत नाही.

खरा धोका शिशाचा. शिसं कथलाहून स्वस्त आहे आणि त्याची भेसळ केली की मिश्रण लवकर वितळतं. विजेच्या कामातली ६०-४० ची (६० भाग कथील, ४० भाग शिसं) झाळण १९० अंशांच्या आतच पातळ होते. कल्हईवाल्याकडची कांडी मागून बघा. शुद्ध कथलाची बारीक कांडी कानाजवळ धरून वाकवली तर करकर असा आवाज येतो. शिसं मिसळलेलं असेल तर तो आवाज बहुतेक दबतो. कागदावर घासून बघा: शिसं पेन्सिलीसारखी राखाडी रेघ सोडतं. झाळणकामाची तार वापरताना दिसली तर तिथून भांडं उचला. शंका असेल तर स्वतः ९९.९ टक्के शुद्धतेचं कथील विकत घेऊन द्या आणि त्याच्या समोर उभं राहून काम करून घ्या. उभं राहताना वाऱ्याच्या वरच्या बाजूला राहा, नवसागराचा धूर घशाला लागतो. लहान मुलांना लांब ठेवा.

कल्हई करून आणलं की आत साबणाचं पाणी फिरवून धुवा, मग भांडंभर पाणी उकळून ओतून द्या. नवसागराचा अंश आत राहिला तर पहिल्या स्वयंपाकाला खारट-कडवट चव येते, आणि लोक म्हणतात कल्हई खराब.

आता कल्हई टिकवण्याबद्दल. रिकामं भांडं गॅसवर ठेवून तापवायचं नाही. मोठ्या आचेवर रिकामा तळ २३२ अंश कधी ओलांडतो ते कळतही नाही, आणि कथील तळाशी गोळा होतं. फोडणीला शेंगदाणा तेल धूर येईपर्यंत तापवलं तर तेही याच तापमानाच्या आसपास पोचतं. म्हणून आधी तेल घाला, मंद आच ठेवा, आणि कडकडीत फोडणी करायची तर छोट्या लोखंडी कढल्यात करून वरून ओता. तळण कल्हईच्या भांड्यात नको. ढवळायला लाकडी डाव घ्या, स्टीलचं उलथनं थर खरवडतं. घासायला मऊ घासणी आणि साबण पुरे. तारेची घासणी, चिंच-मीठ, राख, वाळू यांतलं काही आत लावू नका. हे सगळं तांब्यासाठी आहे, कल्हईसाठी नाही.

कल्हई मंद राखाडी झाली म्हणून नवी करायची गरज नाही, ती तशीच होते. आतला तांब्याचा लाल किंवा पितळेचा पिवळा रंग दिसू लागला की मात्र बघा. एकत्र मिळून रुपयाच्या नाण्याएवढी जागा उघडी पडली तर आंबट पदार्थ बंद करा आणि कल्हईला द्या. किती महिन्यांनी, हे ठरलेलं नसतं. रोज आमटी होणाऱ्या पातेल्याला लवकर लागते, सणासुदीला निघणाऱ्या हंड्याला कितीतरी उशिरा.

घासताना

क्रम चुकतो. आधी साबणाने तेलकटपणा काढा, मगच आंबट लावा. तेलाच्या थरावर लिंबू चोळून काही होत नाही आणि माणूस म्हणतो, भांडं निघतच नाही. एका मध्यम हंड्याला एक लिंबू आणि एक चमचा मीठ पुरतं. चिंच किंवा आमसुलाचं पाणीही तेच काम करतं. लिंबातलं आम्ल काळा ऑक्साइड विरघळवतं आणि मिठातल्या क्लोराइडमुळे ते लवकर होतं. दोन-तीन मिनिटं चोळा, भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. नुसतं धुऊन पालथं घातलं तर सकाळी हिरवे ओघळ दिसतात, कारण मीठ आणि आम्लाचा अंश तिथेच राहिलेला असतो. रात्रभर चिंचेत भिजवून ठेवायची सवय सोडा. पाण्याच्या पातळीशी कायमची रेघ उमटते आणि पत्रा खाल्ला जातो.

बारीक तोंडाच्या बाटलीत मूठभर जाडं मीठ, एका लिंबाचा रस आणि अर्धा पेला पाणी घालून झाकण लावून मिनिटभर हलवा, मग चार वेळा खळबळून धुवा. झाकणाची रबरी चकती काढून वेगळी धुवा. बाटलीला येणारा वास बऱ्याचदा तिचाच असतो.

आतला पांढरा थर क्षाराचा. सम भाग व्हिनेगर आणि पाणी घालून पंधरा मिनिटं ठेवा, चोळा, धुवा. हिरवा थर म्हणजे जंगाल. तो विषारी आहे, त्यावर पाणी भरायचं नाही. काठाखाली आणि कडीच्या सांध्यात तो जुन्या टूथब्रशने काढावा लागतो, आणि नंतरचं पहिलं पाणी ओतून द्यावं. घासूनही बारीक खड्डे राहिले असतील तर ते भांडं पाण्यासाठी निवृत्त करा. पितळेवर गुलाबी डाग पडले तर आंबट जास्त वेळ राहिलं आहे: पृष्ठभागावरचं जस्त निघून गेलं आणि तांबं वर आलं. तो डाग आणखी लिंबू लावून जात नाही, वाढतो. बारीक पावडरीने कोरडं घासून वरचा थर उतरवावा लागतो.

डिशवॉशरमध्ये तांबं-पितळ घालू नका. ब्लीच लावू नका. मीठ आणि लोणचं तर तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवूच नका.

पोचे, गळती, इंडक्शन

पोचा काढायला घरचा लोखंडी हातोडा घेऊन बसू नका. ठोकून ठोकून तांबं कडक झालेलं असतं, थंड असताना पुन्हा मारलं तर तडा जातो. तांबट ते आधी मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करतो आणि मग लाकडी हातोड्याने आकारात आणतो. या तापवण्यात आतली कल्हई जाते, म्हणून आधी पोचे, मग कल्हई. लोक उलटं करतात आणि दोनदा पैसे भरतात.

गळणाऱ्या पाण्याच्या भांड्याला आतून इपॉक्सीची लांबी (पुटी) लावू नका, तांबटाकडून शिसं नसलेला डाग द्या. इंडक्शनच्या साध्या शेगडीवर तांबं आणि पितळ तापत नाही. शेगडी बिघडलेली नसते.

मोडीत घालण्याआधी

जुना बंब किंवा घंगाळ देऊन नवं घेताना घरी वजन करून निघा. तांबं आणि पितळ यांचे मोडीचे भाव वेगळे असतात, आणि तोटी, कड्या, पाय बहुधा पितळी असतात. काठातल्या लोखंडी तारेचं वजन दुकानदार वजा करतो, ते रास्त आहे, पण किती, ते आधी विचारा. जुन्या भांड्याचा पत्रा जाड असेल, पोट सलग असेल आणि फक्त सांधा सुटलेला असेल तर आधी तांबटाला दाखवा. डाग देऊन ते वापरात येतं, आणि तेवढ्या जाडीचं नवं भांडं घ्यायला गेलात तर वजनावर पैसे मोजावे लागतात.